नवी पिल्लं जुन्या कोंबड्यांत मिसळवताना: खान्देशातल्या परसासाठी

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी घरामागच्या परसात नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा होता, तेव्हा मी पहिल्यांदा बारा पिल्लं आणली. दीड महिन्याची, पिसं फुटलेली, तुरुतुरु पळणारी. दुपारी सगळ्या कोंबड्या बाभळीखाली निवांत पडल्या होत्या, म्हणून मी पिल्लं तिथेच सोडली आणि कापूस वेचणाऱ्या बायांचा डबा घेऊन शेतात गेले. तासाभराने आले तर तीन पिल्लं पाण्याच्या भांड्याजवळ मरून पडलेली. एकाच्या मानेवरची कातडी सोलून निघाली होती. उरलेली नऊ पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) ढिगात घुसून बसली होती, ती अंधार पडेपर्यंत बाहेर आली नाहीत.

कळपात प्रत्येक कोंबडीची पायरी ठरलेली असते. दाण्यावर आधी कोण, दांडीवर वरच्या बाजूला कोण, कोणी कोणाला टोचायचं, हे त्यांनी आपसात भांडून ठरवलेलं असतं. अनोळखी पाखरू आलं की ती घडी मोडते आणि वरच्या पायरीवरच्या कोंबड्या आधी त्याच्यावर धावून जातात. त्यांना आधी ते पाखरू रोज दिसलं पाहिजे, त्याचा आवाज कानावर पडला पाहिजे, आणि तरी त्याच्यापर्यंत चोच पोचता कामा नये. असे दोन-तीन आठवडे गेले की मारामारी टोचण्यावर निभावते. त्यानंतर मी चार वेळा पिल्लं मिसळवली, एकही असं गेलं नाही. ते कसं केलं, ते क्रमाने सांगते.

आधी जवळ काय हवं

- अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, तीन-साडेतीन फूट उंच. अंगणाच्या एका कोपऱ्याला आडवी लागेल एवढी.
- पिल्लांसाठी पुठ्ठ्याचं मोठं खोकं किंवा पत्र्याचा गोल, खाली टाकायला भाताचं तूस किंवा शेंगांची टरफलं.
- जुना पिवळा बल्ब, ६० किंवा १०० वॅटचा. एलईडी बल्बने ऊब येत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी एलईडी लावला होता. उजेड भरपूर होता आणि पिल्लं रात्रभर गारठली.
- दाण्याची आणि पाण्याची भांडी, आहेत त्याहून निदान दोन-दोन जास्त.
- केळी भरायचे दोन-तीन प्लास्टिक क्रेट. यांचा उपयोग पुढे सांगते.
- हळद, जेन्शन व्हायोलेटचं जांभळं औषध, कापूस.
- एक वही. पिल्लं कधी आणली, कोणती लस कधी दिली, हे लिहून ठेवा. परसातल्या दहा-वीस कोंबड्यांना दुसरा कागद लागत नाही, पण दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.

१. महिना निवडा

आपल्याकडे हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि याकडेच दुर्लक्ष होतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या पुढे जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या वर जातो. त्या उन्हात कोंबड्या आधीच तोंड उघडून धापा टाकत असतात. दिवसभर सावलीच्या एकाच तुकड्यात दाटीने बसतात आणि त्या तुकड्यासाठीच भांडतात. अशा वेळी नवी पाखरं आणली तर पिल्लांना उन्हात ढकललं जातं. श्रावणात कानबाईच्या सणाच्या सुमारास पावसाने जमीन ओली असते, तेव्हा रक्ती हगवण जोरात असते आणि ती तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना जास्त धरते.

मी पोळ्याला पिल्लं आणते. पोळा श्रावण अमावास्येला, लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला. मध्ये बरोबर दोन महिने. म्हणजे पोळ्याला एक दिवसाचं आणलेलं पिल्लू दिवाळीत आठ आठवड्यांचं होतं. तोवर पाऊस ओसरलेला असतो आणि थंडीला अजून अवकाश असतो. फक्त एक: दिवाळीच्या दिवसांत मिसळवू नका. फटाक्यांनी पाखरं एका कोपऱ्यात ढीग करून बसतात आणि खालची गुदमरतात. भाऊबीज होऊ द्या.

२. पिल्लं कुठून आणायची, किती आणायची

एकटं पिल्लू कधीच आणू नका, दोनही नकोत. निदान चार-पाच हवीत, म्हणजे मार वाटला जातो आणि पिल्लांना एकमेकांचा आधार राहतो.

हॅचरीतून एक दिवसाची घेतली तर मरेक या कोंबड्यांच्या रोगाची लस तिथेच दिली आहे का, हे विचारून घ्या. गिरीराज, वनराज, कावेरी यांची पिल्लं भराभर वाढतात. गावरान पिल्लू त्यांच्यापुढे लहानखुरं राहतं, म्हणून गावरान असेल तर पुढच्या सगळ्या मुदती दोन-तीन आठवड्यांनी लांबवा. असील घेणार असाल तर विचार करून घ्या. त्यांची पिल्लं लहानपणीच एकमेकांशी झुंजतात, आणि मिश्र कळपात त्यांना शांत ठेवणं मला तरी जमलेलं नाही.

आठवडी बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं विकायला येतात, मुलं हट्ट धरतात. ती बहुधा अंड्यांच्या जातीतले नर असतात. लस नसते, प्रवासाने अर्धमेली झालेली असतात. ती घरात आणली तर जुन्या कळपालाच धोका.

३. पहिले पाच आठवडे: घरात, वेगळी

यात फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ ३५ अंशांच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात: बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट करत असतील तर गारठली आहेत, कडेला जाऊन चोच उघडून बसली असतील तर उकडतंय. पोळ्याच्या दिवसांत आपल्याकडे पहिल्या आठवड्यानंतर दिवसा बल्ब फारसा लागत नाही, रात्री लागतो. लाइट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवा.

या काळात एक शिस्त पाळा. आधी पिल्लांचं दाणापाणी करा, मग मोठ्या कोंबड्यांकडे जा. उलट कधी करू नका. मोठ्या कोंबड्या वरून धडधाकट दिसतात, पण त्यांच्या शिटेतून रोगाचे जंतू आणि जंताची अंडी पडत असतात; तुमच्या चपलेला लागून ती पिल्लांपर्यंत जातात. मी खुराड्यासाठी वेगळी चप्पलच ठेवली आहे.

बाजारातून किंवा नातेवाइकांकडून मोठी पिल्लं किंवा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या असतील, तर त्यांना पूर्ण ३० दिवस घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. शिंका, नाकातून पाणी, हिरवी किंवा रक्ताची शीट, डोळ्यांवर खपल्या, यातलं काहीही दिसलं तर मिसळवायचं नाव काढू नका.

४. लसी, आणि त्यांचा मिसळवण्याशी संबंध

मानमोडी म्हणजे राणीखेत. ती एकदा गल्लीत शिरली की परसच्या परस रिकामे होतात, आणि त्यावर औषध नाही. म्हणून पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे राणीखेतच्या लसीचा थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या पिल्लांच्या रोगाची लस, पिल्लं महिन्याची झाली की लासोटा पुन्हा, सहाव्या आठवड्यानंतर देवीची लस आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं, म्हणजे राणीखेतच्याच पुढच्या लसीचं इंजेक्शन. तुमच्या भागात कोणता क्रम चालतो ते पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा विचारून घ्या.

लस बर्फातून आणायची. बाटली फोडली की दोन तासांत संपवायची, उरलेली ठेवता येत नाही. एका बाटलीत शंभर-शंभर पाखरांची लस असते आणि आपली पिल्लं बारा. आमच्या गल्लीत आम्ही पाच-सहा घरं मिळून एकच दिवस ठरवतो. सगळ्यांना स्वस्त पडतं आणि शेजारची पाखरंही सुरक्षित राहतात, जे खरं तर आपल्याच फायद्याचं आहे.

आर-टू-बी दिल्यावर पिल्लं तीन-चार दिवस मलूल असतात. त्या आठवड्यात कळपात सोडू नका. मलूल पाखराला कोंबड्या लगेच ओळखतात आणि त्यालाच टोचतात.

नवापूर आपल्याच खान्देशातलं. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे आढळला आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. तेव्हा मोठ्या पोल्ट्रीच्या कोंबड्यांबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. एकदम बरीच पाखरं मेली तर गुपचूप पुरू नका, उकिरड्यावर फेकू नका. दवाखान्यात कळवा.

५. जाळीपलीकडची ओळख: साधारण दोन आठवडे

सगळं यश इथे आहे. सहाव्या आठवड्यात पिल्लांची मान आणि पाठ पिसांनी भरली की त्यांना अंगणात न्या, पण जाळीआड. जाळी अर्ध्या इंचाचीच हवी. षटकोनी छिद्रांची जी स्वस्त कोंबडीजाळी मिळते, तिच्यातून पिल्लू मान बाहेर काढतं आणि कोंबडी पलीकडून ओढते. जाळीचा खालचा वीतभर भाग जमिनीत पुरा आणि वरूनही काहीतरी झाका. खालून मुंगूस उकरतो, वरून घार आणि बोका.

दाण्याचं भांडं जाळीच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर ठेवा. सुरुवातीला हातभर अंतरावर, मग रोज थोडं जवळ. एकमेकांकडे बघत बघत खायची सवय लागली की अर्धी लढाई संपते.

आमच्या कळपात एक काळी कोंबडी आहे, तुरा एका बाजूला पडलेला. तीच सगळ्यांची मुखत्यार. पहिल्या दिवशी ती मानेची पिसं फुलवून जाळीला लागून इकडून तिकडे फेऱ्या मारत होती. मध्येच जाळीवर चोच आपटायची, आणि पिल्लं मागच्या भिंतीला चिकटायची. चौथ्या दिवशी फेऱ्या कमी झाल्या. सहाव्या दिवशी ती फक्त दाणा टाकल्यावर यायची. अकराव्या दिवशी मी पाहिलं, ती जाळीपासून वीतभर अंतरावर पिल्लांकडे पाठ करून माती उकरत होती आणि पलीकडे दोन पिल्लं तिच्यासारखीच पायाने माती उडवत होती. मी कॅलेंडर बघत नाही, या पाठीची वाट बघते. वरच्या पायरीची कोंबडी पिल्लांकडे पाठ करून चरायला लागली की पुढची पायरी गाठायला हरकत नाही. कोणाकडे हे दहा दिवसांत होतं, कोणाकडे पंचवीस लागतात.

६. जागा मोकळी करा, लपायला ठिकाणं करा

पिल्लं मिसळवायच्या आधी जागेचा हिशोब करा. खुराड्यात प्रत्येक पाखराला निदान दोन-तीन चौरस फूट, अंगणात आठ-दहा, आणि दांडीवर सात-आठ इंच. बारा पाखरांच्या खुराड्यात वीस कोंबली तर कितीही ओळख करून दिली तरी रक्त निघणारच.

केळीचे क्रेट आता कामाला येतात. क्रेट उलटा करा आणि एका बाजूला चार-पाच इंचांचं भोक पाडा. पिल्लू आत जातं, कोंबडी जाऊ शकत नाही. असे दोन-तीन क्रेट वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा. एकाखाली थोडं दाणापाणीही ठेवा, म्हणजे पळून आलेलं पिल्लू उपाशी राहत नाही. पऱ्हाट्यांची किंवा तुराट्यांची पेंढी भिंतीला तिरकी लावली तरी चालते. बंद कोपरा मात्र एकही ठेवू नका; जिथे शिरायला वाट आहे आणि निघायला नाही, तिथेच पिल्लू मरतं. माझी तीन पिल्लं पाण्याच्या भांड्याजवळ गेली, कारण ते भांडं दोन भिंतींच्या सांध्यात ठेवलेलं होतं.

७. एकत्र सोडण्याचा दिवस

आठव्या-नवव्या आठवड्यात, पिल्लं कोंबडीच्या निम्म्याहून मोठी झाली असतील तर. नसतील तर थांबा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी, दिवस मावळायच्या तासभर आधी जाळी उघडा. कोंबड्यांचं पोट तेव्हा भरलेलं असतं आणि थोड्या वेळात त्यांना खुराड्याची ओढ लागते, भांडायला फुरसत कमी. अंगणभर दाणा विखरून टाका, एका ठिकाणी ढीग नको. पालक-मेथीची जुडी फांदीला टांगून ठेवा, त्यात त्या गुंततात. तुम्ही तिथेच बसा. कांदे निवडा, लसूण सोला, पण उठू नका. तासाभराने पिल्लं पुन्हा जाळीआड.

असं चार-पाच दिवस, रोज थोडा जास्त वेळ. मग पूर्ण दिवस.

या दिवसांत सासूबाई ओट्यावरून मला एकच सांगत असायच्या: "मारामारी ते व्हसच व. रंगत दिखनं का मंग ऊठ." (मारामारी तर होतेच गं. रक्त दिसलं की मग ऊठ.) मी सुरुवातीला प्रत्येक टोचेला काठी घेऊन धावायचे, आणि त्याने भांडण लांबतच जायचं. कोंबडीने टोच मारली, पिल्लू बाजूला झालं, कोंबडी पुन्हा चरायला लागली, तर ते होऊ द्या. पिल्लू आपली पायरी शिकतंय.

उठायचं कधी? कोंबडी पिल्लाचा पाठलाग सोडतच नसेल तेव्हा. दोन-तीन मिळून एकाला घेरत असतील तेव्हा. मानेच्या मागची कातडी चोचीत धरून कोणी हिसके देत असेल तेव्हा. आणि रक्ताचा एक थेंब दिसला तरी. लाल रंग दिसला की सगळा कळप त्या जागी टोचायला येतो, शांत कोंबड्यासुद्धा. त्या पिल्लाला लगेच उचला, जखम धुवा, हळद भरा किंवा जांभळं औषध लावा. लालपणा झाकला जाणं हेही औषधाइतकंच महत्त्वाचं. पावसाळी दिवस असतील तर जखमेवर माशी बसू देऊ नका, दोन दिवसांत अळ्या पडतात.

एकच कोंबडी त्रास देत असेल तर पिल्लांना बाहेर काढू नका, तिला काढा. डालग्याखाली किंवा जाळीआड तीन दिवस ठेवा. ती परत येईपर्यंत कळपातली तिची पायरी दुसऱ्या कोणी घेतलेली असते. आल्यावर तिला आधी स्वतःचं बघावं लागतं, पिल्लांकडे लक्ष द्यायला सवड राहत नाही.

कोंबडा पिल्लांना सहसा काही करत नाही. पण तलंगा अर्धवट मोठ्या झाल्या की तो त्यांच्यावर चढायला बघतो आणि त्या हलक्या अंगाच्या असतात, पाठ फाटते. त्याच्यावर लक्ष ठेवा.

८. रात्र

दिवसा जमलं म्हणजे रात्री जमेल असं नाही. पिल्लं पहिले काही दिवस आपल्या जुन्या जागीच जाऊन बसतात. अंधार पडल्यावर त्यांना एकेक उचलून खुराड्यातल्या दांडीवर ठेवा, खालच्या दांडीवर, मोठ्या कोंबड्यांपासून थोडं दूर. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती भांडत नाही. चार-पाच रात्री असं केलं की ती आपण होऊन येतात.

काही जण सांगतात की ओळखबिळख काही नको, रात्री गुपचूप आत ठेवा, सकाळी त्यांना वाटतं पिल्लं पहिल्यापासूनच होती. यावर विसंबू नका. कोंबडी आपल्या कळपातलं पाखरू चेहऱ्यावरून ओळखते. रात्री ठेवलेली पिल्लं सकाळी बंद दारामागे तिच्यासमोर असतात आणि पळायला जागा नसते. रात्रीची युक्ती जाळीनंतरची आहे, जाळीऐवजी नाही. तेव्हाही पहिले आठ-दहा दिवस उजाडायच्या आत उठून दार उघडा.

९. दाणा: इथे बरेच जण चुकतात

अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. पिल्लाला साधारण एक टक्का पुरतं. जास्त झालं तर मूत्रपिंडं खराब होतात. कळप एकत्र आला की वेगवेगळं खाद्य खाऊ घालणं अशक्य. म्हणून सगळ्यांनाच वाढीचं, म्हणजे ग्रोअर खाद्य द्या आणि मोठ्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. ज्या कोंबडीला गरज असते ती तो बरोबर टिपते, पिल्लं फारशी बघतही नाहीत. सोबत ज्वारी-मक्याची भरड चालते.

सरकी पेंड घरात असतेच, पण कोंबड्यांना घालू नका. तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकामुळे अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. आणि पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं रंगीत बियाणं अंगणात सांडलेलं राहू देऊ नका.

खुडूक कोंबडी असेल तर

मग वरचं बरंच काम ती करते. निदान दोन आठवडे अंड्यांवर घट्ट बसलेली खुडूक बघा. एक-दोन दिवसांचीच पिल्लं आणा. रात्री तिच्या पंखाखाली एकेक सरकवा आणि तेवढी अंडी काढून घ्या. पहाटे उठून बघा: ती घशातल्या घशात क्लक-क्लक करत असेल तर तिने पिल्लं स्वीकारली. चोच मारत असेल तर ताबडतोब काढून बल्बखाली ठेवा. तीन दिवसांहून मोठी पिल्लं ती घेत नाही, आणि पिल्लंही तिला आई मानत नाहीत.

पहिला आठवडा मायलेकरांना डालग्याखाली वेगळं ठेवा, मग सोडा. ती कोणाला पिल्लांजवळ फिरकू देत नाही. दीड-दोन महिन्यांनी ती पिल्लांना सोडते, तोवर ती कळपाच्या ओळखीची झालेली असतात.

१०. पुढचे महिने

पहिले पंधरा दिवस रोज रात्री दांडीवरची पाखरं मोजा, आणि दोन-तीन दिवसांआड एकेकाला हातात घ्या. छातीचं हाड बोटाला धारेसारखं लागत असेल तर ते पाखरू दाण्यापर्यंत पोचत नाही. त्याच्यासाठी क्रेटखालचं भांडं चालू ठेवा. पंखांखाली उवा बघा, आणि रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटींत गोचीड बघा. दिवसा तिथे काहीच दिसत नाही. अंगणात लोळायला मातीत चुलीची राख मिसळून ठेवा.

पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की तलंगा अंड्यावर येतात आणि तेव्हा भांडण पुन्हा उठतं, या वेळी अंडी घालायच्या जागेसाठी. जुन्या कोंबड्या त्यांना टोपलीतून हुसकतात, मग तलंगा पऱ्हाट्यांत, गोठ्यात, मिळेल तिथे अंडी घालतात आणि ती मुंगसाच्या तोंडी जातात. चार-पाच कोंबड्यांमागे एक टोपली, हा हिशोब धरून तलंगांचे तुरे लाल व्हायला लागल्याबरोबर दोन टोपल्या वाढवा. जुन्या टोपल्यांच्या शेजारी नको, खुराड्याच्या दुसऱ्या टोकाला, अंधाऱ्या बाजूला ठेवा, आणि प्रत्येकीत एक खोटं अंडं ठेवा. आमच्याकडे त्यासाठी नदीतला पांढरा गोटा आहे.